सौम्य अल्काचा उग्र वास

१९७९ सालची गोष्ट. मी तेव्हा नववीला इतिहास आणि मराठी शिकवत होते. शाळेतले विज्ञानाचे सर दीर्घ रजेवर गेले आणि त्यांचे तास वाटून दिले गेले. त्यातले रसायनाचे तास माझ्या वाट्याला आले. मी बी.ए., तेही इतिहास घेऊन. पण त्या काळी लहान गावातल्या शाळेत "बाई, तुम्ही वाचून शिकवाल" एवढं म्हटलं की विषय संपायचा. मीही रात्री पुस्तक वाचून सकाळी शिकवू लागले.

त्या दिवशीचा धडा आम्ल आणि आम्लारींचा होता. पुस्तकात दोन रकाने होते. एकात तीव्र आम्लारी: कॉस्टिक सोडा, कॉस्टिक पोटॅश. दुसऱ्यात सौम्य आम्लारी: अमोनियाचं द्रावण. मी प्रयोगशाळेतल्या कपाटातून दोन बाटल्या आणून टेबलावर ठेवल्या आणि अमोनियाच्या बाटलीचं बूच काढलं. पहिल्या बाकावरच्या मुलींनी नाकाला ओढण्या लावल्या, दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात मागून एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "बाई, हा जर सौम्य, तर वास एवढा उग्र कसा? आणि त्या तीव्रला तर वासच नाही!"

मला उत्तर माहीत नव्हतं. तसं सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी म्हटलं, "अगं, त्यात पाणी जास्त घातलेलं असतं, म्हणून सौम्य." ती बसली नाही. "मग पाणी कमी करून घट्ट केला तर तो तीव्र होईल?" मी म्हटलं, "हो. बस खाली."

चाळीस मुलामुलींनी ते वहीत लिहून घेतलं. त्यातलं एकही वाक्य बरोबर नव्हतं. हे मला कळलं ते निवृत्तीनंतर, आणि तेही रसायनशास्त्राच्या नव्हे, इतिहासाच्या वाटेने. आजचा लेख त्या वाटेचा आहे. थोडा लांबला आहे, सांभाळून घ्या.

सुरुवात एका शब्दापासून करते. शाळेच्या पुस्तकात आपण शिकलो, आम्ल आणि आम्लारी एकत्र आले की क्षार आणि पाणी तयार होतं. म्हणजे क्षार हे मिठाच्या जातीचं नाव झालं. पण जुन्या संस्कृत ग्रंथांत, आयुर्वेदात क्षार म्हणजे मीठ नव्हे. वनस्पती जाळून केलेली राख पाण्यात कालवून, गाळून, आटवून जो दाहक पदार्थ मिळतो तो क्षार. आज ज्याला आपण अल्क म्हणतो, तो. हिंदीत शास्त्रीय परिभाषा ठरवताना त्यांनी हा जुना अर्थ ठेवला, मराठीत तो बदलला. पापडखार म्हणताना मात्र आपण नकळत जुन्याच अर्थाने बोलतो. 'अल्कली' हा शब्दही राखेतूनच आला आहे. अरबीत समुद्रकाठच्या खारट वनस्पतींच्या राखेला 'अल्-कली' म्हणत. आणि पोटॅश म्हणजे इंग्रजीत सरळसरळ 'भांड्यातली राख'. जगभर सगळ्यांनी ही वस्तू चुलीतूनच उचलली. आपल्या आज्या राखेने भांडी घासत होत्या, त्याच राखेतून हे शास्त्र निघालं.

आता सुश्रुतसंहिता. अनेक शतकांत थर चढत गेलेला हा ग्रंथ. त्याच्या सूत्रस्थानातला अकरावा अध्याय क्षार कसा करावा याबद्दल आहे. मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा वैद्यकाचा ग्रंथ वाचतेय असं वाटेना, कारखान्याची कृती वाचतेय असं वाटलं. मुष्कक नावाच्या झाडाची लाकडं तोडायची, वारा नसलेल्या जागी रचायची, त्यांत चुनखडीचे खडे घालायचे आणि तिळाच्या काड्यांनी पेटवायचं. विझल्यावर लाकडाची राख वेगळी आणि भाजलेली चुनखडी वेगळी ठेवायची. पळस, कुडा, पांगारा, बहावा, आघाडा, केळ, करंज अशा बऱ्याच झाडांची राखही चालते. एक भाग राख सहा भाग पाण्यात कालवायची, पुन्हा पुन्हा गाळायची आणि लोखंडी कढईत सावकाश आटवायची.

इथवर झालं तो मृदू क्षार. पुढची पायरी महत्त्वाची. भाजलेली चुनखडी, शंख, शिंपले हे पुन्हा आगीत लाल होईपर्यंत तापवायचे, त्याच क्षारजलात विझवायचे, वाटायचे आणि कढईत परत घालायचे. मग ढवळत आटवायचं. हा मध्यम क्षार. त्यात आणखी काही तिखट वनस्पतींची चूर्णं घातली की तीक्ष्ण क्षार. तयार क्षार लोखंडी भांड्यात तोंड बंद करून ठेवायचा.

आजच्या भाषेत सांगायचं तर लाकडाच्या राखेच्या पाण्यात मुख्यतः पोटॅशियम कार्बोनेट असतं. तो मृदू क्षार. त्यात चुना घातला की चुन्यातलं कॅल्शियम कार्बोनेटला घेऊन खाली बसतं आणि वर उरतं पोटॅशियम हायड्रॉक्साइड, म्हणजे कॉस्टिक पोटॅश. मृदू क्षार लावला तर चुरचुरतो, दुसरा मांस खातो. मूळव्याध, भगंदर यांवर तो शस्त्राच्या जागी वापरायचा म्हणून तर एवढा खटाटोप. त्याच परंपरेतलं क्षारसूत्र आजही भगंदरावर वापरतात.

एवढ्यावर तो अध्याय थांबत नाही. क्षाराने भाजलं तर आंबट पदार्थाने धुवा, असं सांगून तिथेच एक शंका काढली आहे. आंबटही तीक्ष्ण आणि क्षारही तीक्ष्ण, मग एकाने दुसरा शांत कसा होतो? उत्तर दिलं आहे ते रसांच्या भाषेत: क्षारात आंबट सोडून बाकी रस आहेत, आंबट मिळालं की त्यातला खारटपणा आपली तीक्ष्णता सोडून मधुर होतो, पाण्याने विस्तव विझावा तसा क्षार शमतो. उत्तर आज आपल्याला पटणार नाही. पण प्रश्न विचारणाऱ्याला मात्र मला नमस्कार करावासा वाटतो. माझ्या वर्गातल्या त्या मुलीची जात ती हीच.

हा अध्याय आधुनिक रसायनशास्त्रज्ञांपुढे मांडला तो आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात ते शिकवत होते. १९०२ मध्ये त्यांच्या हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड आला, १९०९ मध्ये दुसरा. त्यांना या कामाला उत्तेजन देणारे होते फ्रान्सचे मार्सेलँ बेर्तलो, तेव्हाचे फार मोठे रसायनशास्त्रज्ञ आणि रसायनाच्या इतिहासाचे अभ्यासक. पण सुश्रुतातली ही कृती वाचून बेर्तलोही थबकले. ती इतकी नेमकी आहे की युरोपीय लोक हिंदुस्थानात आल्यावर कोणीतरी मागाहून ग्रंथात घुसवली असावी, अशी शंका त्यांनी घेतली.

राय रागावले नाहीत, त्यांनी पुरावा दिला. हीच कृती वाग्भटाच्या अष्टांगहृदयात आहे, अकराव्या शतकातल्या चक्रपाणिदत्तानेही ती दिली आहे. वास्को द गामा कालिकतला उतरला १४९८ मध्ये. मग ती युरोपातून आलेली कशी असेल? इतिहासाची शिक्षिका म्हणून मला हे उत्तर फार आवडतं. शंकेला शंकेने नाही, सनावळीने उत्तर.

पण याची दुसरी बाजूही लिहायला हवी, कारण आजकाल ती फारशी कुणी लिहीत नाही. "बघा, आमच्याकडे सगळं होतं" असं म्हणून हा अध्याय पुढे पाठवणारे संदेश मलाही येतात. सगळं नव्हतं. कृती होती आणि ती उत्तम होती. चुना घातल्याने क्षार तीक्ष्ण का होतो, याचं उत्तर नव्हतं. ते कुठेच नव्हतं. अरबस्तानात आणि युरोपात साबण करणारे कारागीर शतकानुशतकं राखेच्या पाण्यात चुना घालत होते, त्यांनाही ते माहीत नव्हतं. बेर्तलोंचा संशय आणि आपला गर्व, दोन्हींत एकच चूक आहे. कृती हातात असणं आणि कारण कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे दोघंही विसरतात.

कारण कळायला सुरुवात झाली ती एडिंबरोमध्ये, आणि तीही एका औषधामुळे. मूतखड्याचा त्रास त्या काळी इंग्लंडमध्ये फार. जोआना स्टीफन्स नावाच्या बाईंचं एक गुप्त औषध गाजत होतं. १७३९ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने ५००० पौंड देऊन त्याची कृती जाहीर करायला लावली. निघालं काय, तर भाजलेली अंड्याची टरफलं, गोगलगायी, साबण आणि काही वनस्पती! म्हणजे शेवटी चुना आणि अल्कच. (सुश्रुतानेही पोटात घ्यायचा क्षार ज्या रोगांवर सांगितला आहे त्यांत मूतखडा आहे. माणसं कुठलीही असोत, दगड विरघळवायला त्यांना दाहक वस्तूच सुचली.) मग एडिंबरोच्या दोन प्राध्यापकांत वाद सुरू झाला की निवळीसाठी दगडाचा चुना चांगला की शिंपल्यांचा. त्या दोघांच्या भांडणात न पडता जोसेफ ब्लॅक नावाच्या तरुण विद्यार्थ्याने तिसराच पदार्थ घेतला, मॅग्नेशिया अल्बा, म्हणजे पांढरा मॅग्नेशिया. १७५४ मध्ये त्यावर त्याने डॉक्टरीचा प्रबंध दिला आणि १७५६ मध्ये त्याचे प्रयोग छापून आले.

त्या वेळची समजूत अशी होती: चुनखडी भट्टीत भाजली की तिच्यात विस्तवाचे कण शिरतात. म्हणून कळीचा चुना दाहक. हा चुना सौम्य अल्कात घातला की तो आपला विस्तव त्याला देतो, म्हणून अल्कही दाहक होतो. ऐकायला अगदी पटण्यासारखं. कळीच्या चुन्यावर पाणी ओतल्यावर तो कसा फसफसून उकळतो हे आपल्यापैकी ज्यांनी घराला चुना देताना पाहिलं आहे, त्यांना तर नक्कीच पटेल.

ब्लॅकने तराजू घेतला. विस्तव आत शिरला असेल तर चुना जड व्हायला हवा, निदान हलका तरी व्हायला नको. तो तर निम्म्याच्या आसपास हलका होतो! शुद्ध चुनखडी १०० किलो भाजली तर चुना मिळतो ५६ किलो. ४४ किलो जातं कुठे? ब्लॅकने दाखवलं की भाजताना एक हवा निघून जाते. ही आपल्या नेहमीच्या हवेहून वेगळी. तिला त्याने 'बांधलेली हवा' म्हटलं, आपण कार्बन डायऑक्साइड म्हणतो. हाच चुना सौम्य अल्काच्या पाण्यात घातला की तो अल्काजवळची बांधलेली हवा ओढून घेतो, पुन्हा खडू होऊन खाली बसतो, आणि त्या खडूचं वजन जवळजवळ मूळच्या इतकंच भरतं.

म्हणजे चुना अल्काला काही देत नाही, त्याच्याजवळचं काढून घेतो. दाहकपणा बाहेरून आलेला नसतो. तो आधीपासून आत होता, बांधलेल्या हवेने दाबून ठेवलेला. शेकडो वर्षं लोकांनी जे बेरजेचं गणित समजलं होतं ते वजाबाकीचं निघालं. सुश्रुताच्या भांड्याचं तोंड बंद का, याचंही उत्तर इथेच मिळतं. उघडं ठेवलं तर तीक्ष्ण क्षार हवेतली तीच बांधलेली हवा परत घेऊन हळूहळू मृदू होतो. निवळी उघड्यावर ठेवली की वर पांढरी साय धरते, तीही यामुळेच. निवळीत नळीने फुंकर मारून ती दुधाळ करायचा शाळेतला प्रयोग आठवतो ना? आपल्या श्वासात ही हवा आहे हे ब्लॅकनेच दाखवलं.

म्हणून सौम्य आणि तीव्र यांतला भेद पहिल्यांदा कारणासकट कळला तो इथे. पण गोष्ट पुरी झाली नव्हती, कारण अमोनिया या हिशोबात बसत नव्हता. त्याच्यात काढून घ्यायला बांधलेली हवा नाही, तरी तो कॉस्टिक सोड्याइतका दाहक होत नाही. त्या काळी त्याला 'उडता अल्क' म्हणत आणि सोडा-पोटॅशला 'स्थिर अल्क'. नवसागर आणि चुना तळहातावर चोळला की जो झणका येतो तोच हा. प्रीस्टले यांनी १७७४ च्या सुमारास तो वायू म्हणून गोळा केला, बेर्तोले यांनी १७८५ मध्ये तो नायट्रोजन आणि हायड्रोजनचा बनलेला आहे हे दाखवलं. ऑक्टोबर १८०७ मध्ये लंडनला हम्फ्री डेव्ही यांनी वितळलेल्या पोटॅशमधून वीज सोडली आणि पोटॅशियमचे चमकते थेंब बाहेर आले. ते पाहून डेव्ही खोलीभर नाचले असं त्यांचे मदतनीस चुलतभाऊ एडमंड यांनी सांगून ठेवलं आहे. काही दिवसांतच सोडियम मिळालं. पोटॅशमध्ये धातू आणि ऑक्सिजन, अमोनियात दोन्ही नाहीत, आणि तरी दोघंही हळद लाल करतात, आम्लाला मारतात. मग आम्लारीपणा आहे तरी कशात?

आणखी एक अडचण होती. अल्काचं बळ मोजायची जुनी रीत म्हणजे तो किती आम्ल मारतो ते बघणं. या मापाने १७ ग्रॅम अमोनिया आणि ४० ग्रॅम कॉस्टिक सोडा सारखंच आम्ल मारतात. म्हणजे वजनाला वजन अमोनियाच सरस ठरतो! हळदीच्या डागाला तर दोघांतला फरक कळतच नाही, साबण लावा की सोडा, डाग लालच होतो. हे माप किती आहे ते सांगतं, कसं आहे ते सांगत नाही.

ते सांगणारं माप सापडलं स्वीडनमध्ये. स्वांते अऱ्हेनियस नावाच्या पंचविशीतल्या मुलाने १८८४ मध्ये उप्साला विद्यापीठात प्रबंध दिला, विषय द्रावणांतून वीज किती वाहते हा. परीक्षकांना तो फारसा पटला नाही आणि त्यांनी इतकी खालची श्रेणी दिली की त्याची विद्यापीठात शिकवण्याची वाटच बंद व्हायची वेळ आली. त्याने प्रबंधाच्या प्रती परदेशातल्या मोठ्या शास्त्रज्ञांना पाठवल्या. रीगा येथे असलेल्या विल्हेल्म ऑस्टवाल्ड यांनी पुढे आठवण सांगितली आहे की एकाच दिवशी त्यांना दातदुखी, मुलगी झाल्याची बातमी आणि हा प्रबंध अशा तीन गोष्टी मिळाल्या, आणि सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते प्रबंधाने. ते उठून थेट उप्सालाला गेले. १८८७ पर्यंत अऱ्हेनियस यांनी सिद्धांत पक्का मांडला: आम्ल, आम्लारी, क्षार पाण्यात विरघळले की त्यांचे विद्युतभारित तुकडे होतात. त्यांना आयन म्हणायचं. अल्काचा अल्कपणा म्हणजे त्याने पाण्यात मोकळे केलेले हायड्रॉक्साइड आयन. आणि सगळे पदार्थ सारखे तुटत नाहीत. १९०३ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्याच प्रबंधातून उगवलेल्या कामाला मिळालं. (पेपर तपासणाऱ्या आम्हा सगळ्यांनी हे लक्षात ठेवावं!)

झालं, इथे उत्तर आलं. कॉस्टिक सोडा पाण्यात पडला की पुरताच तुटतो. हजारांतले हजार. अमोनिया तसा नाही. एक लिटर पाण्यात १.७ ग्रॅम अमोनिया असेल तर दर हजार रेणूंपैकी जेमतेम १३ आयन देतात, बाकीचे ९८७ जसेच्या तसे राहतात. बल्ब जोडून वीज सोडली तर सोड्याच्या द्रावणात तो लख्ख पेटतो, अमोनियात मिणमिणतो. तीव्र आणि सौम्य म्हणजे एवढंच: टाकलेल्यातलं किती तुटतं.

घट्ट आणि पातळ ही निराळी गोष्ट आहे. पुस्तकात त्याला संहत आणि विरल म्हणतात. ऑस्टवाल्ड यांनी १८८८ मध्ये त्याचा नियमच दिला. वरच्या अमोनियात दहापट पाणी घाला, मग हजारांत ४२ तुटतात. उलट दहापट घट्ट करा, तर फक्त ४ तुटतात. म्हणजे मी त्या मुलीला "घट्ट केला तर तीव्र होईल" म्हटलं ते नुसतं चूक नव्हतं, अगदी उलटं होतं. घट्ट केल्याने एकूण आयन वाढतात हे खरं, पण तुटण्याचं प्रमाण घटतं. जात बदलत नाही.

१९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेनसेन यांनी पीएच हे माप काढलं, आता ते शॅम्पूच्या बाटलीवरही असतं. त्यात ७ म्हणजे उदासीन. एक लिटरमध्ये ४ ग्रॅम कॉस्टिक सोडा असेल तर पीएच १३. तेवढ्याच रेणूंचा अमोनिया, म्हणजे १.७ ग्रॅम, असेल तर सुमारे ११.१. एका अंकाला दहापट फरक असतो, तेव्हा हा फरक जवळजवळ पंचाहत्तर पटींचा झाला. पण तोच सोडा शंभरपट पातळ केला तर पीएच ११, म्हणजे अमोनियाच्या किंचित खालीच. तीव्र असूनही पातळ, म्हणून निवांत. चुन्याचं उदाहरण तर घरचंच आहे. चुना जातीने तीव्र आम्लारी आहे, पण लिटरभर पाण्यात दीड-पावणेदोन ग्रॅमच विरघळतो. जेवढा विरघळतो तेवढा मात्र पुरता तुटतो, म्हणून निवळीचा पीएचही बाराच्या वर जातो आणि पानाला चुना जास्त लागला की जीभ पोळते. उलट, सौम्य म्हणजे निरुपद्रवी असंही नाही. बर्फाच्या कारखान्यात अमोनिया गळला तर माणसं दगावतात.

एक धागा राहिला होता. अमोनियात हायड्रॉक्साइड नाहीच, मग तो येतो कुठून? आमच्या पुस्तकात त्यावर तोडगा म्हणून अमोनियम हायड्रॉक्साइड असं नाव छापलेलं असे. १९२३ मध्ये कोपनहेगनचे ब्रॉन्स्टेड आणि केंब्रिजचे लॉरी यांनी एकमेकांशी न बोलता एकच व्याख्या दिली: आम्लारी म्हणजे प्रोटॉन घेणारा. अमोनिया पाण्याच्या रेणूकडून प्रोटॉन घेतो, मागे हायड्रॉक्साइड उरतो. कार्बोनेटही तसंच करतं, आणि तेही अर्धवटच. म्हणजे सुश्रुताचा मृदू क्षार आजच्या व्याख्येनेही सौम्य आम्लारीच आणि चुना घातल्यावरचा तीव्र. राखेच्या कढईपाशी बसलेल्या त्या वैद्याने बोटांनी आणि जखमेवर जो भेद ओळखला, तो टिकला. कारण मात्र एडिंबरो, उप्साला, कोपनहेगन असं फिरत यायला लागलं.

आता त्या मुलीचा प्रश्न. सौम्य, तर वास उग्र का? बाई, तो सौम्य आहे म्हणूनच वास उग्र आहे. हजारातले ९८७ रेणू न तुटता तसेच राहतात, आणि न तुटलेला अमोनियाच पाण्यातून उडून नाकापर्यंत येऊ शकतो. आयन झालेला उडत नाही. कॉस्टिक सोडा पुरता आयन झालेला असतो, त्यातलं काही हवेत येत नाही, म्हणून तो बिनवासाचा. पडताळा पाहायचा तर अमोनियात भरपूर व्हिनेगर घालावं. सगळा अमोनिया प्रोटॉन घेऊन आयन होतो आणि वास जातो.

आणि एक. तो सौम्य म्हणून कमी कामाचा नाही. आम्ल घालत गेलं की जे १३ आयन असतात ते खर्ची पडतात, मग त्यांच्या जागी मागचे पुढे येतात, ते संपले की आणखी. शेवटचा रेणू संपेपर्यंत. म्हणूनच तर तो सोड्याइतकंच आम्ल मारतो. फरक इतकाच की तो सगळं एकदम बाहेर काढत नाही, मागेल तसं देतो.

१९७९ च्या त्या वर्गातलं कुणी हे वाचत असेल, तर तुमच्या वहीतली ती दोन वाक्यं खोडा. जिने प्रश्न विचारला तिला ओळखत असाल तर तिला एवढं जरूर सांगा, की प्रश्न बरोबर होता, बाईच चुकल्या होत्या. तिचं वय आता साठीच्या पुढे असेल. उशीर झाला खरा. पण मुष्ककाच्या राखेपासून अऱ्हेनियसपर्यंत यायला याहून कितीतरी जास्त वेळ लागला होता.

असो. रसायनाची जाणकार मंडळी वाचत असतील तर चूभूद्याघ्या.